सूर्यावरचे डाग आणि फ्लेअर्स घरबसल्या कसे ट्रॅक करायचे (१३६६४ चं उदाहरण घेऊन)

सौर वादळाची बातमी आली की ग्रुपवर ठरलेलं असतं, कोणीतरी "आज रात्री मोबाईल लांब ठेवा" फॉरवर्ड करतं, कोणीतरी सूर्याचा लालभडक फोटो टाकतं, आणि दोन दिवसांनी काहीच झालं नाही म्हणून विषय बंद. बातमीच्या मागे धावण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही. त्यापेक्षा डागांचा एकच समूह पकडा, तो पूर्वेच्या कडेवर उगवल्यापासून पश्चिमेच्या कडेआड जाईपर्यंत दोन आठवडे रोज दहा मिनिटं बघा, बस. मग फ्लेअर (सूर्यावरचा अचानक स्फोट) आला की तो कुठून आला, त्याच समूहातून का आला आणि त्यातलं आपल्यापर्यंत काही पोचणार आहे का, हे बातमीच्या आधी तुम्हालाच कळायला लागतं. पैसे लागत नाहीत, दुर्बीण नसली तरी चालतं.

उदाहरण म्हणून मे २०२४ मधला १३६६४ नंबरचा रिजन (डागांच्या समूहालाच रिजन म्हणतात) घेतोय. एकतर त्यानं काहीच शिल्लक ठेवलं नाही, आणि दुसरं म्हणजे त्या दिवसांच्या सगळ्या इमेजेस अजून नेटवर आहेत, तारीख टाकून मागे जाता येतं, त्यामुळे चालू सूर्य शांत असला तरी प्रॅक्टिस करता येते.

नंबर आणि रोजचा तक्ता

डागांच्या समूहाला नंबर देतं अमेरिकेच्या एनओएएचं (हवामान आणि समुद्र बघणारी सरकारी संस्था) स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटर, सगळे त्याला एसडब्ल्यूपीसी म्हणतात. हे नंबर ५ जानेवारी १९७२ पासून ओळीनं चालू आहेत, २००२ मध्ये १०,००० ओलांडले पण त्यांच्या तक्त्यात जागा चारच आकड्यांची, म्हणून कुठे ३६६४ लिहिलेलं दिसेल तर कुठे १३६६४, दोन्ही एकच. नवीन माणूस इथेच पहिल्यांदा गोंधळतो.

रोज ००:३० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्याकडे सकाळी ६ वाजता, त्यांची सोलर रिजन समरी येते. साधी टेक्स्ट फाईल असते, दिसायला एकदम कंटाळवाणी, पण सगळा माल तिच्यातच. प्रत्येक रिजनची एक ओळ असते आणि त्यात नंबर, जागा, क्षेत्रफळ, आकाराचा तीन अक्षरी कोड, किती डाग मोजले, आणि शेवटी चुंबकीय प्रकार. चहा घेता घेता ही फाईल उघडायची आणि आपल्या रिजनची ओळ वहीत उतरवायची, हो वहीतच, स्क्रीनशॉट काढून ठेवले की परत कोणी बघत नाही.

जागा वाचायला सोपी आहे. एस२०डब्ल्यू२२ म्हणजे सूर्याच्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंश आणि मधल्या रेषेच्या पश्चिमेला २२ अंश. पृथ्वीवरून बघताना डाग दिवसाला साधारण १३ अंश सरकतात, त्यामुळे पूर्वेला ४० अंशावर असलेला समूह तीन दिवसांनी बरोब्बर आपल्यासमोर येणार हा हिशोब तोंडी होतो. १३६६४ एप्रिलच्या शेवटी कडेवर आला, ७ मेच्या आसपास मध्यावर होता, १४ मेला पश्चिमेच्या कडेला पोचला. सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे रिजन मध्यावर असताना आणि त्यानंतर थोडा पश्चिमेला सरकलेला असताना, तेव्हा त्यानं फेकलेला माल (विद्युतभारित वायूचा ढग) आपल्या दिशेनं येण्याची शक्यता जास्त.

क्षेत्रफळ सूर्याच्या अर्ध्या गोलाच्या दशलक्षांशात देतात. आकडा डोक्यात बसवायचा तर पृथ्वीचा अख्खा पृष्ठभाग सोलून तिथे पसरला तर तो १६९ भरेल. ५०० च्या वर गेलेला समूह ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. १३६६४ साधारण २४०० पर्यंत गेला, टोकापासून टोकापर्यंत लांबी पृथ्वीच्या व्यासाच्या १५-१६ पट, आणि त्या आठवड्यात ज्यांच्याकडे जुने ग्रहणाचे चष्मे ड्रॉवरमध्ये पडून होते त्यांनी तो चष्म्यातून सरळ बघितला.

तीन अक्षरी कोडवर फार वेळ घालवू नका, एवढं लक्षात ठेवा की पहिलं अक्षर ए पासून एफ कडे गेलं की समूह लांबलचक होतोय (एच म्हणजे म्हातारा झालेला एकटा डाग), दुसरं अक्षर के असेल तर मोठ्या डागाची कडा वेडीवाकडी आहे, आणि तिसरं सी असेल तर मधे डागांची दाटी झालीय. एफकेसी दिसलं की त्या दिवशी दहाऐवजी वीस मिनिटं द्यायची.

खरी गंमत मॅग्नेटोग्राममध्ये

डाग मोठा म्हणजे फ्लेअर मोठा असं सगळ्यांना वाटतं. तसं नाहीये. नासाचा एसडीओ उपग्रह फेब्रुवारी २०१० पासून वर आहे, त्याच्या एचएमआय यंत्राच्या दोन इमेजेस शेजारी शेजारी उघडा, एक साधी पांढऱ्या प्रकाशातली जिच्यात काळे डाग दिसतात, आणि दुसरी राखाडी मॅग्नेटोग्राम. मॅग्नेटोग्राममध्ये पांढरं म्हणजे चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे येतंय, काळं म्हणजे आत जातंय. साध्या सरळ समूहात एका बाजूला पांढरा पट्टा, दुसऱ्या बाजूला काळा, मधे मोकळी जागा, याला बीटा म्हणतात, हे गरीब बिचारे असतात. एकाच रंगाचा एकटा डाग म्हणजे अल्फा, तो तर त्याहून गरीब.

काळं आणि पांढरं एकमेकांत घुसलेलं दिसलं, सरळ रेघ मारून वेगळं करता येत नाही, तर बीटा-गॅमा. आणि डागाच्या एकाच करड्या झालरीच्या आत दोन विरुद्ध रंगांचे काळे गाभे अगदी चिकटून बसलेले असतील तर डेल्टा. तक्त्यात शेवटी बीटा-गॅमा-डेल्टा आलं की सावध. सुतळीला पीळ देत राहिलं की एका क्षणी ती उसळते, तसं इथे विरुद्ध क्षेत्रं एकमेकांना घासून सरकत राहतात, ऊर्जा साठत जाते आणि मग चुंबकीय रेषा तुटून नव्यानं जोडल्या जातात, तोच फ्लेअर.

आता करायचं काय तर आजची आणि कालची मॅग्नेटोग्राम, दोन्ही एकाच वेळेच्या, दोन टॅबमध्ये उघडायच्या आणि टॅब आलटून पालटून बघायच्या. वाढ लगेच डोळ्यात भरते. १३६६४ चे ५ ते ८ मे असे करून बघा, ५ तारखेला तसा बरा समूह आहे, मग त्याच्या पोटातून नवीन क्षेत्र वर यायला लागतं, शेजारी १३६६८ नावाचा दुसरा समूह होता तो त्याला येऊन भिडतो, आणि ८ तारखेला काळ्यापांढऱ्याची अशी खिचडी दिसते की कुठला डाग कोणाचा ते सांगता येऊ नये. पहिला एक्स फ्लेअर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचा, त्याच दिवशी. मोठा असण्यापेक्षा झपाट्यानं बदलत असणं महत्त्वाचं, एवढं एक वाक्य पक्कं केलंत तरी बरंच झालं.

एक पथ्य मात्र पाळा, कडेजवळच्या रिजनची मॅग्नेटोग्राम मनावर घ्यायची नाही. मध्यापासून साधारण ६० अंशांच्या पलीकडे तिरक्या नजरेमुळे उलटाच रंग दिसायला लागतो आणि साधा समूहही डेल्टा वाटतो.

एक्सरेचा ग्राफ

फ्लेअर मोजतात ते अमेरिकेच्या गोज हवामान उपग्रहांवरून, एक ते आठ अँगस्ट्रॉमच्या (तरंगलांबीचं माप) एक्सरेमध्ये. ए, बी, सी, एम, एक्स अशा पायऱ्या, प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. एम१ म्हणजे चौरस मीटरला एक वॅटचा एक लाखावा भाग, एक्स१ म्हणजे दहा हजारावा. एक्सच्या पुढे अक्षर नाही, आकडाच वाढत जातो. ग्राफवर दोन रेषा दिसतात, वरची बघायची.

रेषा कशी चढते आणि कशी उतरते ते आकड्याइतकंच बघण्यासारखं आहे. टाचणीसारखी वर गेली आणि पंधरा-वीस मिनिटांत खाली आली तर बहुतेक वेळा नुसताच प्रकाशाचा स्फोट. पण चढून मग दोन-तीन तास रेंगाळत उतरली तर त्यासोबत सूर्याचा माल बाहेर फेकला गेला असण्याची शक्यता बरीच जास्त. एम५ रेंगाळणारा असेल तर मी तो टोकदार एक्स१ पेक्षा जास्त गंभीरपणे घेतो.

मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास काही आठवडे हा उपग्रह रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो आणि रेषा एकदम कोसळते. नेमकं आपल्याकडे ते दिवसा होतं, त्यामुळे सूर्य विझला की काय असले मेसेज दर वर्षी येतात. काही नाही, सावली आहे.

आणि वेळ! सगळं यूटीसीमध्ये असतं, साडेपाच तास मिळवायचे. हे नुसतं सोपस्कार म्हणून सांगत नाहीये. १३६६४ चा ८ मेचा एक्स१.० आपल्या घड्याळात सकाळी १०:३९ ला, ९ मेचा एक्स२.२ दुपारी २:४३ ला, १० मेचा एक्स३.९ दुपारी १२:२४ ला. तिन्ही वेळा भारत उन्हात होता, म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओ बसण्याचा फटका आपल्याच बाजूला. एक्सरे वातावरणाच्या वरच्या थरात घुसले की तिथला डी थर घट्ट होतो आणि शॉर्टवेव्ह लहरी परत फिरण्याऐवजी गिळल्या जातात. हॅमवाले (हौशी रेडिओ चालवणारे) मित्र असतील तर त्यांना विचारा, २० मीटरच्या पट्ट्यावर स्टेशनं एकामागून एक गप्प होतात. उलट त्याच रिजनचा सगळ्यात मोठा, १४ मेचा एक्स८.७, आपल्याकडे रात्री १०:२१ ला आला, तेव्हा इथे काळोख होता, रेडिओला ढिम्म फरक नाही. प्रकाशाला यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, त्यामुळे रेडिओचा फटका फ्लेअर दिसतो त्याच क्षणी, इशारा द्यायला वेळच नसतो.

कुठून आला ते शोधणं

ग्राफ सगळ्या सूर्याचा मिळून असतो, रिजन सांगत नाही. त्यासाठी एसडीओच्याच एआयए यंत्राची १३१ अँगस्ट्रॉमची इमेज त्या वेळेची उघडा, हेलिओव्ह्यूअर या वेबसाइटवर तारीख-वेळ टाकली की येते. जोराचा फ्लेअर असेल तर तिथे पांढरा भगभगीत ठिपका आणि त्यातून फुलीसारख्या तिरक्या रेघा निघालेल्या दिसतील. त्या रेघा सूर्यावर नसतात, कॅमेऱ्यापुढच्या जाळीमुळे उमटतात, पण कुठे स्फोट झाला ते दाखवायला फार कामाच्या.

कधीकधी ग्राफवर एक्स दिसतो आणि समोर कुठेच काही नाही. मग कडा बघा. २७ मे २०२४ ला एक्स२.८ आला तेव्हा पूर्वेच्या कडेवर नंबर दिलेला एकही दणकट रिजन नव्हता, नुसता कडेमागून उजेड वर आला. तो आपला जुना १३६६४ च होता, मागून चक्कर मारून येत होता. कडेआडच्या फ्लेअरचा आकडा कमी भरतो, कारण खालचा भाग झाकलेला असतो, म्हणून कडेवरच्या एमला कमी लेखू नका.

पृथ्वीकडे काही येतंय का

फ्लेअर आणि वादळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्या नव्वद टक्के वेळा इथेच घसरतात. वादळ आणतो सीएमई, म्हणजे सूर्यानं फेकलेला चुंबकीय मालाचा ढग, तो वेगवान असेल तर पंधरा-अठरा तासांत, नाहीतर दोन-चार दिवसांत पोचतो. ऑक्टोबर २०१४ मधला १२१९२ नंबरचा रिजन बघा, त्या अकरा वर्षांच्या सौरचक्रातला सगळ्यात मोठा, क्षेत्रफळ २७०० च्या वर, सहा एक्स फ्लेअर मारले आणि त्यातल्या एकानंही पृथ्वीवर वादळ आणलं नाही. वरचं चुंबकीय झाकण घट्ट होतं, माल बाहेरच पडला नाही.

तर फ्लेअरनंतर दोनेक तासांनी सोहो उपग्रहाच्या लास्को कॅमेऱ्याची सी२ आणि सी३ इमेज बघायची. मधे सूर्य तबकडीनं झाकलेला असतो, भोवतीनं काय निघतंय ते दिसतं. ढग एका बाजूला निघाला तर आपल्याला बहुतेक चुकवणार. तबकडीभोवती सगळीकडून पूर्ण कडं फुलताना दिसलं तर तो एकतर सरळ आपल्याकडे येतोय किंवा सरळ उलट दिशेला चाललाय, कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच. त्या वेळी समोरच्या बाजूला फ्लेअर झाला होता का हे एआयएवर तपासलं की उत्तर मिळतं. मधेच सगळ्या इमेजवर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके आले तर ते प्रोटॉन थेट सेन्सरवर आपटतायत, म्हणजे कणांचं वादळ पोचलंसुद्धा.

८ आणि ९ मेला १३६६४ नं असे ढग एकामागून एक सोडले, मागचे वेगवान होते, त्यांनी पुढच्यांना गाठलं. १० मेच्या रात्री आपल्याकडे साडेदहाच्या सुमाराला ते पोचले आणि जी५ म्हणजे वरच्या टोकाचं भूचुंबकीय वादळ झालं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) कॅमेऱ्यात आला तो याच रात्री.

ढग येणार कळलं तरी जोर किती हे शेवटच्या टप्प्यातच कळतं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या बाजूला एल१ बिंदूवर उपग्रह बसलेत, त्यांच्या लाईव्ह ग्राफमध्ये बीझेड नावाची रेषा शोधा. ती उणे झाली, म्हणजे क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, आणि बराच वेळ उणेच राहिली तर पृथ्वीचं चुंबकीय कवच उघडतं. अधिक राहिली तर मोठा ढगही फुसका जातो. तिथून इथे यायला अर्ध्या तासापासून तासभर लागतो, हातात एवढाच वेळ.

याच एल१ भोवती आपला आदित्य-एल१ पण ६ जानेवारी २०२४ पासून फिरतोय. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकानं बनवलीय आणि २२ फेब्रुवारी २०२४ चा एक्स६.३ तिनं टिपला. इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवलं की डेटा मिळतो, पण सुरुवात त्यानं करू नका, फाईली हाताळायला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागते, आधी हेलिओव्ह्यूअरवर हात बसू दे.

जमिनीवरच्या नोंदीतही आपला जुना हात आहे. १८५९ च्या सप्टेंबरमधलं कॅरिंग्टनचं वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदलं गेलं, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात १६०० नॅनोटेस्लाच्या (त्या क्षेत्राचं माप) आसपास घट. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हललं, आणि आजही तिथे चालू आहे. मे २०२४ चं वादळ त्या मानानं चारशेच्या आसपास, यावरून १८५९ चा अंदाज घ्या.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर

सूर्याकडे दुर्बीण लावायची तर समोरच्या भिंगाच्या पुढे पूर्ण झाकणारी सोलर फिल्म हवीच, डोळ्यानं बघायची फिल्म डेन्सिटी ५ ची, फोटोची ३.८ वाली डोळ्याला चालत नाही. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत बघायचं नाही, भिंगानं गोळा केलेला प्रकाश तो क्षणात जाळतो. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) बाजूला बसणारे काळे फिल्टर जुन्या दुर्बिणींसोबत यायचे ते सरळ कचऱ्यात. एक्सरे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, यातलं काहीही नाही. छोटी शोधक दुर्बीण पण झाकायची, तिच्यानं केस जळतात.

फिल्मपेक्षा मला प्रोजेक्शन आवडतं, निदान भिंगाची ६० मिलिमीटरची साधी दुर्बीण असेल तर. आरशाच्या दुर्बिणीला हे करू नये, आतले भाग तापतात. प्लॅस्टिकचं आयपीस लावू नका, वितळतं. दुर्बीण सूर्याकडे करताना तिच्या सावलीकडे बघायचं, सावली सगळ्यात आखूड झाली की नेम बरोबर. मागे सावलीत पांढरा कागद, त्यावर आधीच १५ सेंटिमीटरचं वर्तुळ काढून ठेवलेलं, प्रतिमा त्यात बसवायची आणि पेन्सिलीनं डाग गिरवायचे. या मापात पृथ्वी म्हणजे १.४ मिलिमीटरचा ठिपका, तो कोपऱ्यात काढून ठेवा. पश्चिम कुठली ते कळायला दुर्बीण हलवू नका, प्रतिमा ज्या बाजूला आपोआप सरकते ती पश्चिम. लहान मुलं असतील तर पूर्ण वेळ तिथेच उभं राहायचं, दोन मिनिटं पाणी प्यायलाही जायचं नाही.

कोकणात आणि घाटावर जून ते सप्टेंबर हे जवळजवळ बंदच पडतं, तेव्हा वही फक्त एसडीओवर चालवायची. ढगातून अंधुक दिसणारा सूर्य बिनाफिल्मचा बघायचा मोह होतो, नको.

टक्केवारी आणि दुसरी फेरी

एसडब्ल्यूपीसी रोज एम आणि एक्स फ्लेअरची शक्यता टक्क्यांत देतं. एक्स ३०% म्हणजे दहातले सात वेळा काहीच होणार नाही, आणि तरीही ३०% फार मोठा आकडा आहे, शांत दिवसांत तो १% असतो. तक्ता उतरवायच्या आधी आपला स्वतःचा अंदाज वहीत लिहा, नंतर त्यांचा बघा, महिनाभरात मॅग्नेटोग्राम वाचायची नजर बसते.

रिजन पश्चिमेला गेला की वहीतलं पान संपवू नका. सूर्य आपल्या दृष्टीनं साधारण २७ दिवसांत फिरतो, म्हणजे दोनेक आठवड्यांनी तोच भाग पूर्वेला परत येतो, पण नवीन नंबर घेऊन. तक्त्याच्या तळाशी परत येणाऱ्या रिजनची वेगळी यादी असते ती बघा, आणि गाँग या वेधशाळांच्या जाळ्याच्या, सूर्याच्या पलीकडच्या बाजूच्या नकाशात काळपट डाग दिसतोय का ते बघा. सूर्याच्या पृष्ठभागाच्या थरथरीवरून तो नकाशा काढतात, गाँगच्या सहा वेधशाळांपैकी एक आपल्या उदयपूरची आहे. १३६६४ असाच १३६९७ होऊन परत आला, २९ आणि ३१ मेला आणखी एक्स मारले, तिसऱ्या फेरीत १३७२३ झाला आणि तोवर बराच निवळला होता. त्यामुळे वहीत नवीन नंबरच्या शेजारी जुना नंबर कंसात लिहायची सवय ठेवा, नाहीतर तीन वेगवेगळे रिजन बघितले असं वाटेल.